तरुण मुलगा गेला, आईनं देवघर लावून घेतलं: वर्षश्राद्ध, चवथ आणि इतर प्रश्न

(एका मंचावरची प्रश्नोत्तरं. प्रत्येक मजकुराच्या आधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पोफळीबाग – २६ जून २०२६

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं घर. २३ जानेवारीला, वसंत पंचमीच्या संध्याकाळी, २९ वर्षांचा अविवाहित मुलगा मुंबई-गोवा महामार्गावर सिंधुदुर्ग हद्दीत अपघातात गेला. वेर्ण्याला नोकरी होती. मागे आई, वडील आणि लग्नाची धाकटी बहीण. अग्नी वडिलांनी दिला, दिवसकार्य घरच्या भटजींनी केलं. ती माणसं स्वतः कुणाला विचारणार नाहीत, म्हणून त्यांच्या वतीनं मी विचारते.

आईनं देवघराचं दार लावलं ते लावलंच. कुणी देवाचं नाव काढलं की उठून आत जाते. दहाव्याला कावळा शिवला नाही, ते तिच्या मनातून जात नाही. वडिलांचं उलट झालंय. तीन ज्योतिषी झाले. एकानं सांगितलं, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी केल्याशिवाय मुलीचं लग्न जमणार नाही. भावकीतले म्हणतात, बापानं मुलाला अग्नी द्यायलाच नको होता. वर्षश्राद्ध २३ जानेवारीला करायचं का? मध्ये अधिक महिना आला, त्यात मासिक केलेलं नाही. आणि चवथीला गणपती आणायचा की नाही? १४ सप्टेंबरला चवथ आहे आणि मूर्तीची वर्दी आता द्यावी लागते.

पवित्रक

जे जास्त टोचतंय ते आधी घेतो.

कावळा न शिवण्याची कारणं फार साधी असतात. पिंड अकरा-बाराला मांडला तर कावळ्यांचं सकाळचं खाणं झालेलं असतं. त्याच घाटावर त्या सकाळी आणखी दोन दहावे असले तर पोटं भरलेली असतात. पण सगळ्यात जास्त आडवी येतात ती माणसंच. पंचवीस जण पिंडाभोवती कोंडाळं करून उभे, एक जण हात जोडून मोठ्यानं "तुझ्या बहिणीचं लग्न आम्ही करू" म्हणतोय, दुसरा मोबाइल धरून चित्रण करतोय. अशा ठिकाणी कावळा उतरत नाही. पिंड उघड्यावर, झाडाजवळ ठेवून माणसं तीस-चाळीस पावलं मागं सरली आणि गप्प बसली की बहुतेक वेळा थोड्या वेळात काम होतं. तरी नाही झालं तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, आणि विधी तिथं पूर्ण होतो. ही पळवाट नव्हे. ती सोय पद्धतीतच आहे, कारण कावळा नेहमी येत नाही हे जुन्यांनाही माहीत होतं. त्या दिवशी दर्भ लावला होता का, एवढं भटजींना विचारा. लावलाच असेल. मग त्यांनाच घरी बोलवा आणि "दहावा पुरा झाला, काही राहिलं नाही" हे वाक्य आईसमोर त्यांच्या तोंडून येऊ द्या. दुसऱ्या कुणी सांगून उपयोग नाही. ज्यानं विधी केला त्यानंच सांगायला हवं.

"लग्नाची इच्छा राहिली" असं वाक्य त्या घाटावर कुणी उच्चारलं असेल, तर त्यानं आईच्या गळ्यात धोंडा बांधला. दहाव्याला जाणाऱ्यांनी तोंड मिटून ठेवावं, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ.

वडिलांनी अग्नी देणं: मृताला मुलगा नाही, बायको नाही, धाकटा भाऊ नाही, तर अधिकार वडिलांचाच. काही घराण्यांत बाप मुलाच्या अंत्यविधीला स्मशानात जात नाही, पण ती त्या घराची चाल, बापाला ते बघावं लागू नये म्हणून पडलेली. निषेध नव्हे. भावकीला आणखी एक सांगा: बाप हयात असताना मुलाच्या सपिंडीत पिंड मेळवतात तो आजा, पणजा आणि खापरपणजा यांच्या पिंडांत, हयात बापाला सोडून. म्हणजे "बाप जिवंत, मुलगा गेला" ही वेळ येऊ शकते हे धरूनच विधी रचलेला आहे.

अधिक महिना: यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ होता. अधिक महिना आला की त्या वर्षी एक मासिक वाढतं, बाराच्या जागी तेरा. त्यांचं राहिलं असेल तर घाबरण्याचं कारण नाही. सोळाही मासिकं सपिंडीच्या आधी अपकर्षानं, म्हणजे पुढची ओढून घेऊन, उरकलेली असतात. नंतर महिन्याच्या महिन्याला करतात ती पुन्हा. राहिलेलं पुढच्या मासिकाबरोबर करावं. घरी सगळं करणं झेपत नसेल तर त्या तिथीला ब्राह्मणाला शिधा दिला तरी चालतं: तांदूळ, डाळ, तूप, गूळ, नारळ, दोन भाज्या आणि दक्षिणा.

वर्षश्राद्ध तिथीनं होतं, तारखेनं नव्हे. मृत्यू माघ शुद्ध पंचमीचा. पुढची माघ शुद्ध पंचमी ११ फेब्रुवारी २०२७ ला, गुरुवारी आहे. अधिक महिन्यामुळे तारीख आणि तिथी यांत १९ दिवसांचं अंतर पडलंय. काही घरांत आदल्या दिवशी अब्दपूर्ती, म्हणजे वर्ष पुरं झाल्याचा विधी, आणि तिथीला वर्षश्राद्ध असे दोन दिवस करतात, भटजींना आत्ताच विचारून ठेवा. २३ जानेवारीला विधी काही नाही, पण तो दिवस घराला जडच जाणार. त्या दिवशी आईवडिलांना एकटं ठेवू नका.

नारायणबली: अपघात, बुडणं, सर्पदंश अशा मृत्यूनंतर हा विधी सांगितलाय, हे खरं. बहुतेक भटजी अकराव्या-बाराव्यालाच करून टाकतात. झालाय का ते आधी विचारा. झाला असेल तर दुसऱ्यांदा करण्याचं कारण नाही. नसेल तर शुद्ध एकादशी, द्वादशी किंवा श्रवण नक्षत्र बघून नदीकाठी घरचेच भटजी एका दिवसात करतात. त्र्यंबकेश्वर सक्तीचं नाही. नागबळी हा वेगळा विधी, सापाच्या हत्येसाठीचा. नारायणबलीला तो जोडून तिथं तीन दिवसांचा कार्यक्रम होतो. या घरात साप मारल्याचा विषयच नाही, तर नागबळी कशाला?

बहिणीच्या लग्नाला तर मुळीच अडथळा नाही. घरात मृत्यू झाल्यावर लग्नाला जी प्रतिकूलता धरतात ती वडिलांची एक वर्ष, आईची सहा महिने, पत्नीची तीन महिने आणि भावाची दीड महिना. दीड महिना मार्चमध्येच संपला. जो ज्योतिषी लग्नाची भीती घालतो, त्याला हा हिशेब विचारा.

मांडवीकाठ

चवथीचं मी सांगते. आणू नये. आमच्याकडं घरात जवान माणूस गेलं की वर्षभर सण नाही. ना माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट), ना नेवऱ्या (करंज्या).

पवित्रक

सण न करणं आणि गणपती न आणणं, या दोन निराळ्या गोष्टी. गणपतीला अडतं ते फक्त सुतक, आणि ते दहा दिवसांचं. चवथ सुतकातच आली तर त्या वर्षी राहिली, पुढं भरून काढायचीही गरज नसते. इथं सुतक फेब्रुवारीतच फिटलं. नेवऱ्या न करणं, फटाके न वाजवणं, जेवणावळ न घालणं ही घराची इच्छा, तिला कुणी नाव ठेवू नये. शिवाय गोव्यात बऱ्याच घरांचा गणपती मूळ घरी, सगळ्या भावांचा मिळून एकच असतो. तसं असेल तर तो येणारच आहे. प्रश्न एवढाच की या आईवडिलांनी जायचं का. त्यांचं त्यांना ठरवू द्या.

पोफळीबाग

मूळ घर वेगळं नाही, गणपती यांच्याच घरी असतो, दीड दिवसांचा. खरी अडचण माटोळीची आहे. ती दरवर्षी तोच बांधायचा. रानात जाऊन कांगलां, माट्टी, घागऱ्या आणायचा, सुपारीची शिंपटी उतरवायचा. वडील म्हणतात, ती चौकट मी डोळ्यांसमोर बघू शकत नाही.

मांडवीकाठ

मग माझं मत मी बदलते. मूर्ती आणा, माटोळी यंदा नको. किंवा शेजारच्या मुलांना सांगा की आदल्या रात्री येऊन बांधा: एक नारळाची पेंड, आंबाड्यांचा एक घोस, आंब्याचे टाळे, बस. रिकामी चौकट मात्र लटकत ठेवू नका, ती भरलेल्या माटोळीपेक्षा जास्त बोलते. हवं तर खाली उतरवून माळ्यावर ठेवा. मूर्तिकाराला नेहमीपेक्षा लहान मूर्ती सांगा, दोन माणसांना सहज उचलेल अशी. विसर्जनाला खांदा द्यायला कोण, हा प्रश्न दीड दिवसांनी संध्याकाळी अंगणात उभं राहून पडू नये.

एकचौदा

विचारलेलं नाही, पण तारीख बघून राहवलं नाही. अपघात २३ जानेवारीचा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं भरपाईच्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातलीय, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. म्हणजे हातात चार आठवड्यांहून कमी. या मुदतीवर न्यायालयात वाद चालू आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. याच आठवड्यात वकील गाठा.

अपघात सिंधुदुर्गातला म्हणून तिथं खेटे घालायची गरज नाही. अर्जदार राहतात तिथल्या मोटार अपघात न्यायाधिकरणात, म्हणजे गोव्यातच, अर्ज करता येतो. कागद: एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, समोरच्या गाडीचे आरसी बुक, विमा आणि चालकाचा परवाना, मुलाच्या पगाराच्या स्लिपा आणि आयकर विवरणं. पोलिसांकडच्या प्रती मिळायला वेळ लागतो, तिथूनच सुरुवात करा.

हिशेब असा लागतो. पगार महिना ४०,००० धरू, वर्षाचे ४,८०,०००. वय चाळिशीच्या आत म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे (नोकरी कायम असेल तर ५०), झाले ६,७२,०००. अविवाहिताचा स्वतःचा खर्च म्हणून निम्मे वजा, उरले ३,३६,०००. २९ वर्षांना गुणक १७. एकूण ५७,१२,०००. हा गुणक मुलाच्या वयावर लागतो, आईवडिलांच्या नव्हे. विमा कंपनीचा माणूस उलट सांगेल, ऐकू नका. शिवाय २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आईवडिलांना मुलाच्या सहवासाला मुकल्याची वेगळी रक्कमही मान्य केलीय. ती छोटी आहे, मूळ धरलेली रक्कम प्रत्येकी ४०,०००, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ.

तो स्वतःच गाडी चालवत होता आणि दुसऱ्या कुणाची चूक नव्हती, तर हा सगळा हिशेब लागू नाही. गाडी त्याच्या नावावर असेल तर पॉलिसीतला मालक-चालक अपघात विमा बघा, १५ लाखांचा. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नसेल तर २ लाखांची सरकारी योजना आहे.

नोकरीचं: भविष्यनिर्वाह निधीसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०-डी आणि विम्यासाठी ५-आयएफ. तिसरा लोक हमखास विसरतात, आणि त्यातच ७ लाखांपर्यंत रक्कम असते. तिन्ही फॉर्मवर कंपनीची सही लागते, एकाच फेरीत घ्या.

मृत्यूचा दाखला जिथं प्राण गेला तिथला निघतो. अपघात सिंधुदुर्गातला, पण गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात आणल्यावर गेला असेल तर नोंद गोव्यातली. दाखल्याच्या दहा प्रती काढून ठेवा. आधार, बँक आणि दाखला यांवर आडनावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते अक्षर-अक्षर लावून बघा. एका जास्तीच्या 'ए'नं दावे महिनोन् महिने अडकतात, आणि गोव्यात तर एकाच घरात आडनावाची तीन स्पेलिंगं सापडतात.

बँकेत नॉमिनी असेल तर वारसाचा कागद लागत नाही. नसेल, किंवा त्याच्या नावावर घर-जमीन असेल, तर वारसपत्र करावं लागेल. गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यानं अविवाहित, अपत्य नसलेल्याचे वारस आईवडील, बहीण नव्हे. वारसपत्र स्पेशल नोटरीकडं, म्हणजे सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात होतं. वारस नसलेले तीन जाणते साक्षीदार न्यावे लागतात. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या, उताऱ्यावर नाव चढवणं त्यानंतर.

पोफळीबाग

भरपाईचं वडिलांशी बोललं गेलं होतं. आईनं ऐकलं आणि म्हणाली, "पोराच्या रगताचे पैसे माझ्या घरात नकोत." ती सही करणार नाही.

एकचौदा

तिच्या सहीवाचून अर्ज अडत नाही. वडील एकटे अर्जदार होऊ शकतात, आणि जो वारस अर्जदार झाला नाही त्याला त्याच अर्जात प्रतिवादी म्हणून दाखवायचं, अशी कायद्यातच तरतूद आहे. तिचा वाटा न्यायाधिकरण तिच्या नावे मुदत ठेवीत टाकायला सांगू शकतं. तिनं तो आज घ्यायला नको, उद्याही नको. मुदत मात्र निघून जायला नको. एवढंच तिला सांगा, किंवा तेही सांगू नका. फक्त नोटीस घरी येईल तेव्हा ती तिच्या हातात पडणार नाही हे बघा. "प्रतिवादी" म्हणून स्वतःचं नाव वाचणं काही बरं नाही.

नंदादीप

देवघराबद्दल.

आईला दार उघडायला लावू नका. तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कुणी थाटानं पूजाही मांडू नका. देवांना रोज लागतं ते फार थोडं असतं: पळीभर पाणी, एक फूल, एक वात. बहिणीनं किंवा वडिलांनी सकाळी दोन मिनिटांत करावं, घंटा न वाजवता. उदबत्तीही नको. दहा दिवस त्या घरात तोच वास होता. हेही झेपत नसेल तर टाक आणि शाळिग्राम वर्षभर भाऊबंदांकडं ठेवायला देतात. पण नेताना आईला सांगून न्या. चोरून नेले तर "पोरगा गेला आणि देवही घरातून गेले" हेच तिच्या डोक्यात बसणार.

बऱ्याच बायका देवघर सोडतात पण तुळशीला पाणी घालणं सोडत नाहीत. या घरात तसं असेल तर त्याकडं कुणी बोट दाखवू नये. "बघ, अजून श्रद्धा आहे तुझी" असं म्हणालात की दुसऱ्या दिवशी तुळसही कोरडी.

ती देवावर रागावलीय म्हणजे ती नास्तिक झाली, असं समजणारे मला उथळ वाटतात. जो नाहीच त्याच्यावर कुणी सहा महिने रागावून बसत नाही. जनाबाईनं विठ्ठलाला शिव्या घातल्या आणि तिला आपण संत म्हणतो. आपल्याकडं देवळात घालतात त्याला गाऱ्हाणं म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थच तक्रार. वसिष्ठांची महाभारतातली कथा तर कीर्तनकारही पूर्ण सांगत नाहीत. शंभर मुलगे गेल्यावर त्या ब्रह्मर्षीला जगणं नको झालं, जीव द्यायला निघाले आणि नद्यांनी त्यांना परत काठावर आणून टाकलं. पंजाबातल्या बियासचं विपाशा हे नाव त्यावरूनच, पाश सोडवणारी म्हणून. वसिष्ठांना कुणी ज्ञान सांगितलं नाही, सांगणार कोण? ते परतले ते सुनेच्या पोटातल्या नातवाचे वेदाचे स्वर कानावर पडले म्हणून. "गीता वाचा, आत्मा अमर आहे" असं या आईला सांगायला जाणाऱ्यांनी हे आधी आठवावं.

आणखी काय बोलू नये: देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. तेवढंच आयुष्य घेऊन आला होता. मुलगी आहे ना अजून. यातलं शेवटचं तर मुलीच्या समोर बोललं जातं. त्याऐवजी मुलाचं नाव घ्या. सहा महिन्यांनी सगळे त्याचं नाव टाळायला लागतात आणि "तो", "तेव्हा", "ते झालं" अशा शब्दांत बोलतात. आईला ते लगेच कळतं. शेजारी किरिस्तांव घर असेल आणि २ नोव्हेंबरला त्यांनी आपल्या कबरींबरोबर या मुलाच्याही नावानं मेणबत्ती लावली, तर लावू द्या.

वडिलांना एकच सांगणं: कुलदेवतेकडं जा, ओटी भरा, पण "का नेलंस" असा कौल लावू नका. कौल पुढच्या कामासाठी लावतात, हे करू की नको. झालेल्याचं कारण त्यात विचारायचं नसतं. पाकळी उजवी पडो की डावी, त्याचा अर्थ बाप स्वतःवरच घेणार: नवस फेडायचा राहिला, यंदा जत्रेला गेलो नाही, गाडीची पूजा केली नव्हती. ज्योतिष्याकडून दर वेळी काही ना काही करायला मिळतं म्हणून ते जातात. हात रिकामे राहिले की मन खायला उठतं. त्यांना कामच द्यायचं तर एकचौदा यांनी सांगितलेली कागदांची फाइल द्या. ती खरी आहे, आणि कधीतरी पुरी होते.

मांडवीकाठ, तुमच्यासारख्यांना विचारायचं आहे: मुलगी लग्न झालेली असती तर? आईबापांना सुतक तीनच दिवस, विधी सगळे सासरी. चौथ्या दिवशी लोक त्या आईला बाजारात बघून विचारतात, "बरं वाटतंय ना आता?" त्या आयांचं कुणी लिहीत नाही.

रात्रपाळी

शरीराकडं बघा, बाकी मंडळींनी मनाचं पुष्कळ सांगितलंय.

दोघांच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू आहेत का ते पाकिटं मोजून बघा. तोंडी विचारलं तर "हो" म्हणतात. झोपेची गोळी शेजारणीकडून घेऊन देऊ नका. अल्प्राझोलाम घेतलेल्या माणसानं वर पेग घेतला तर श्वास मंदावतो, आणि या अवस्थेत बाप संध्याकाळी पेग घेत नाही असं कुणी गृहीत धरू नये. जेवण जात नसेल तर पेज: दर तीन-चार तासांनी वाटीभर, मीठ घालून, बरोबर लोणच्याची फोड. ताट वाढून समोर बसून राहू नका, वाटी ठेवा आणि उठा.

छातीत दुखलं, धाप लागली तर "दुःखानं होतंय" म्हणून घरी बसायचं नाही, १०८ ला फोन. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा स्नायू खरोखर ढिला पडतो. त्याला ताकोत्सुबो म्हणतात, वय झालेल्या बायकांत जास्त. त्याच्यात आणि हृदयविकाराच्या झटक्यात फरक नुसत्या ईसीजीवरूनही सांगता येत नाही, रुग्णालयातल्या पुढच्या तपासण्या लागतात.

देवघर बंद असणं हा आजार नव्हे. रडणं, त्याच्या खोलीत जाऊन बसणं, त्याचा शर्ट न धुता ठेवणं हेही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये लांबलेल्या शोकाचं निदान सहा महिन्यांनंतरच करतात, तेही रोजचं जगणं ठप्प असेल तर. अमेरिकेच्या डीएसएममध्ये मोठ्यांना बारा महिने. मी बघेन ते हे: अंघोळ, खाणं, झोप सुटत चाललीय का, वजन किती उतरलं, आणि "मीही त्याच्याकडं जाते" असं बोलते का. हे शेवटचं कानावर आलं तर तिला सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं डोक्यात नवी कल्पना शिरत नाही, हे पक्कं. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या आणि शेतीची औषधं हलवा, आणि त्याच दिवशी बांबोळीच्या मनोविकार रुग्णालयात न्या. रात्री-अपरात्री टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. पर्वरीची संगाथ ही संस्थाही गोव्यात मानसिक आरोग्याचंच काम करते, तिथं विचारून बघा. डॉक्टरकडं येणार नाही म्हणणारे लोक बोलायला कधी कधी येतात.

पोफळीबाग

तसं ती बोलत नाही, पण आज विचारते. पवित्रक, भटजींशी बोलले. दर्भ लावला होता, नारायणबलीही अकराव्यालाच झाला होता. उद्या ते घरी येऊन सांगतील.

आणखी एक. रात्री ती त्याच्या फोनवरचे आवाजाचे निरोप ऐकत बसते, "आई, जेवलीस?" एवढाच तीन सेकंदांचा एक आहे, तो पुन्हा पुन्हा. फोन तिच्याकडून घ्यावा का?

जुना चार्जर

घेऊ नका. पण तो फोन एक दिवस बंद पडणार, तेव्हा ते आवाज आधी दुसरीकडं उतरवून ठेवा. व्हॉट्सॲपमध्ये आईबरोबरचं संभाषण उघडून "एक्स्पोर्ट चॅट", माध्यमांसह. एका वेळी साधारण १०,००० निरोपच येतात, म्हणून आलेली फाइल उघडून सुरुवातीची तारीख बघा. जुने राहिले असतील तर फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये "व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स" नावाची फोल्डर असते, ती आख्खी पेन ड्राइव्हवर घ्या. फाइली ओपस प्रकारातल्या असतात, काही प्लेअरना चालत नाहीत. एमपीथ्री करून आईच्या स्वतःच्या फोनमध्येही टाका. दोन प्रती, दोन घरांत.

सिम लगेच बंद करू नका. बँक आणि निधीचे ओटीपी त्यावरच येतात. प्रीपेड असेल तर ९० दिवस वापर नसेल आणि पैसेही नसतील तर क्रमांक जातो, रिचार्ज करत राहा. व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापरलं नाही तर पुसलं जातं. गूगलचं दोन वर्षांनी, फोटो त्यातच असतात. फोन रीसेट करून बहिणीला वापरायला देण्याची कल्पना कुणी काढली तर हात धरा. आणि पासवर्ड आत्ताच विचारून लिहून ठेवा, कारण तो फक्त आईलाच ठाऊक असतो, असं बऱ्याच घरांत असतं.

पोफळीबाग

खरंच फक्त तिलाच ठाऊक आहे. तिनं लिहून दिला.

तिनंच एक विचारायला सांगितलंय, देवाधर्माचं पहिल्यांदाच काही बोलली म्हणून विचारते. वर्षश्राद्धाला त्याच्या आवडीचं काय करता येईल? त्याला सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, हुमण आवडायचं.

पवित्रक

श्राद्धाच्या पानाला सुंगटं नाहीत. कांदा-लसूण, मसूर, वांगंही नाही. तांदळाची खीर, उडदाचे वडे, भात, वरण, आमसुलाची चटणी, आल्याचा तुकडा, दोन-तीन भाज्या. त्या भाज्यांत त्याच्या आवडीची घालायला हरकत नाही. मुगागाठी किंवा खतखतं आवडत असेल तर तेच करा, भटजी आधी हो म्हणतात ना ते बघून. स्वयंपाक तिला करायचा असेल तर करू द्या, वर्षश्राद्धाचं पान आईनं रांधू नये असं कुठं नाही.

हुमण दुसऱ्या दिवशी करा. श्राद्ध गुरुवारी ११ फेब्रुवारीला आहे, म्हणजे दुसऱ्या दिवशी शुक्रवारच येतो. सुंगटं मिळतील.